मुलं आधी खडा टाकून बघतात

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगी आठ वर्षांची, तिसरीत. अबोल. वर्गात हात वर करत नाही, कुणी पेन्सिल घेतली तरी परत मागत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी नात्यातले एक काका घरी येतात, तिला ओढून मांडीवर घेतात, ‘पापी दे’ म्हणतात. ती अंग चोरते. सासूबाईंचं म्हणणं, मोठ्यांना असं झिडकारू नये. नवऱ्याचं म्हणणं, तू उगाच संशय घेतेस, ते तिला जन्मापासून खेळवतायत. तुम्हाला हवंय ते असं: तिला न घाबरवता सावध करायचं, तिचा आत्मविश्वास वाढवायचा, आणि कराटेचा क्लास लावला तर दोन्ही कामं एकदम होतील का ते बघायचं. शेवटी एक ओळ आहे, ‘थोरला सहावीत आहे, त्याची काही काळजी नाही.’ त्या ओळीवर मी नंतर येते.

मी नाशिकमध्ये एकोणीस वर्षं मुलांची समुपदेशक म्हणून काम करतेय. आठवड्यातले तीन दिवस शाळांमध्ये, उरलेले माझ्या खोलीवर. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेतल्या दोन चिमुरड्यांची बातमी आली तेव्हा आठवडाभर माझा फोन थांबला नव्हता. बहुतेक आयांचा प्रश्न हाच होता, ‘हिला काय शिकवू?’ त्या वेळी मी प्रत्येकीला जे सांगितलं तेच तुम्हाला सांगणार आहे, जरा सविस्तर.

सावधपणा आणि आत्मविश्वास हे तुम्ही दोन प्रश्न म्हणून मांडलेत. मला ते एकाच ठिकाणी येऊन मिळताना दिसतात: आपण काही सांगितलं तर घरात ते ऐकलं जाईल, याची या मुलीला किती खात्री आहे?

हे मी असं का म्हणते? माझ्याकडे आलेल्या जवळजवळ कुठल्याच मुलाने मोठी गोष्ट पहिल्या झटक्यात सांगितलेली नाही. मुलं आधी खडा टाकून बघतात. नऊ वर्षांचा एक मुलगा होता (ओळख पटू नये म्हणून इथल्या सगळ्या उदाहरणांतले तपशील बदललेत). शिकवणीला जायची वेळ झाली की त्याच्या पोटात दुखायचं. एका संध्याकाळी तो आईला म्हणाला, ‘तिथला दादा फार चिडवतो.’ दादा म्हणजे शिकवणीच्या बाईंचा कॉलेजात जाणारा मुलगा. आई पोळ्या लाटत होती. न वळताच म्हणाली, ‘तूच काहीतरी केलं असशील.’ आठवड्याने तो म्हणाला, ‘दादाच्या खोलीत कसलातरी वास येतो, मला नाही आवडत तिथे.’ आई म्हणाली, ‘तीन महिन्यांची फी भरलीय, नाटकं करू नकोस.’ तिसरा खडा त्याने टाकलाच नाही. चार महिन्यांनी ती गोष्ट त्याच्या मित्राकडून वर्गशिक्षिकेपर्यंत पोचली. ती आई काही वाईट नव्हती. कामाला जाणारी, दमलेली, तुमच्या-माझ्यासारखीच. माझ्यासमोर बसून एकच वाक्य परत परत म्हणत होती, ‘तो मला सांगत होता हो.’

खडा टाकल्यावर मूल तुमच्या चेहऱ्याकडे बघतं. तुम्ही हसलात, चिडलात, घाबरलात की हातातलं काम ठेवून ‘मग?’ म्हणालात, यावरून पुढचं ठरतं. हे खडे कुठल्या विषयावर असतात तेही बघा. भाजी आवडली नाही. बाईंनी माझं नाव चुकीचं घेतलं. मला या फ्रॉकची शिवण टोचते. ‘काही टोचत नाही, गप घाल’ हे उत्तर आपण सगळ्यांनीच दिलंय, मीही माझ्या मुलीला दिलंय. पण जरा विचार करा, तिच्या कातडीला काय टोचतंय हे तिच्यापेक्षा आपल्याला जास्त कळतं असं आपण तिला सांगतोय. हे आठ वर्षं ऐकलेली मुलगी काकांच्या मांडीवर बसून काय म्हणणार?

आता एक गोष्ट तुमच्या बाजूने. अबोल असणं आणि स्वतःला कमी लेखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वक्तृत्व स्पर्धेतल्या ढालींनी ज्यांच्या घरातली कपाटं भरलीत अशी मुलं मी पाहिलीत. स्टेजवर सिंह, आणि वडिलांना एक गोष्ट नको आहे हे सांगताना हातपाय गार. उलट दिवसाला मोजून वीस वाक्यं बोलणारी मुलं असतात, पण त्यांना हवं ते सांगतात आणि ऐकून घ्यायला लावतात. तेव्हा तिला बोलकी करण्याच्या मागे लागू नका. ‘बोल की, तोंड शिवलंय का तुझं’ असं पाहुण्यांसमोर म्हणणं तर आजच थांबवा. तुम्ही म्हणत नसालही, पण घरात कुणीतरी म्हणत असतंच.

काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत, त्या आधी बोलून टाकते. ती अंग का चोरते? काकांच्या मिश्या टोचत असतील, तंबाखूचा वास येत असेल. आपण मोठ्या झालो, आता मांडीवर बसायची लाज वाटते, असं असेल. आठव्या-नवव्या वर्षी हे अगदी स्वाभाविक आहे. किंवा याहून काही जास्त असेल. लिहिलेल्या चार ओळींवरून जी व्यक्ती तुम्हाला यातलं एक छातीठोकपणे सांगेल तिच्यावर विश्वास ठेवू नका. पण यातल्या कुठल्याही कारणासाठी पहिली पायरी तीच आहे: तिला नको आहे, तर ते थांबलं पाहिजे. कारण सिद्ध होईपर्यंत थांबायची गरज नाही. नवऱ्याशीही याच मुद्द्यावर बोला. ‘काका वाईट आहेत का’ हा वाद सुरू झाला की त्यात तुम्ही हरणार, कारण तुमच्या हातात पुरावा नाही आणि नसावाच अशी आपली इच्छा आहे. ‘तिला आवडत नाही, म्हणून आपण करू देणार नाही’ यावर भांडायला फारशी जागा उरत नाही. ते खरोखर प्रेमळ असतील तर त्यांना दोन मिनिटं वाईट वाटेल आणि ते विसरून जातील. त्यांनी फारच मनावर घेतलं, किंवा ‘बघू बरं, मला नाही म्हणतेस काय’ करून हट्टाने परत ओढलं, तर मग तेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

प्रत्यक्षात कसं करायचं? काका यायच्या आदल्या दिवशी तिच्याशी बोला. समोरासमोर बसवून ‘मला तुझ्याशी महत्त्वाचं बोलायचंय’ असं नको, त्याने मुलं दचकतात. मटार सोलताना, कपड्यांच्या घड्या घालताना बोला. हात कामात असले आणि नजरेला नजर नसली की मुलं मोकळी होतात. ‘उद्या काका येणारेत. ते आले की तुला कसं वाटतं?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. ‘काका तुला कुठे हात लावतात का?’ असं विचारू नका. आठ वर्षांचं मूल आईला हवं ते उत्तर द्यायला बघतं, आणि पुढे खरंच काही निघालं तर ‘आईनेच तोंडात घातलं’ असं म्हणायला लोक तयार असतात. ती काही बोलली नाही तरी तुम्ही म्हणा, ‘आता तू मोठी झालीस. कुणाच्या मांडीवर बसायचं, कुणाला पापी द्यायची हे तू ठरवायचं. नको असेल तर हात जोडून नमस्कार कर आणि माझ्याकडे ये. पुढचं मी बघते.’

त्यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. काकांना ‘नाही’ म्हणायचं ओझं तिच्यावर टाकायचं नाही. ते दारात आले, हात पसरले, की तुम्ही मध्ये असलं पाहिजे: ‘काका, ती आता मांडीवर नाही बसत, नमस्कार करेल. चल गं, मला ताटं घ्यायला मदत कर.’ आवाज नेहमीचा, हसतमुख, हात तिच्या पाठीवर. नमस्काराची आपली रीत या बाबतीत फार कामाची आहे. दोन हात अंतरावरून पुरेपूर मान देता येतो. सासूबाईंचा मुद्दाही त्यातच सुटतो, कारण मुलीने कुणाला झिडकारलेलं नसतं. आणि त्या मुलीने काय पाहिलं? आईने सगळ्यांसमोर माझी बाजू घेतली आणि आभाळ कोसळलं नाही. असे चार प्रसंग झाले की मग तिच्या तोंडून आपोआप ‘नको’ येतं. आधी तिच्या वतीने तुम्ही म्हणायचं असतं.

इथे तुमच्याबद्दलही एक बोलू का? प्रश्नात तुम्ही तीनदा लिहिलंय, ‘कदाचित माझंच चुकत असेल.’ ज्या घरात आईचं वाक्य ‘तू उगाच’ या दोन शब्दांत संपतं, तिथे मुलगी ते ऐकून आपल्या वाक्याचीही तेवढीच किंमत धरते. मी नवऱ्याशी भांडा म्हणत नाही. पण पुढच्या वेळी ‘मला बरं वाटत नाहीये, म्हणून मी हे करणार आहे’ असं स्वतःसाठी एखादं वाक्य तिच्यादेखत पूर्ण करा. विषय छोटा घ्या. रविवारी दुपारी मी तासभर झोपणार आहे, चहा तुम्ही करून घ्या, एवढाही चालेल.

आता शिकवण्याबद्दल. ‘गुड टच, बॅड टच’ हे शब्द शाळांमध्ये रुळलेत आणि काहीच नसण्यापेक्षा ते बरे आहेत. माझी अडचण अशी की त्रास देणारा माणूस बहुतेक वेळा ओळखीचा असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखालच्या बलात्काराच्या गुन्ह्यांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असण्याचं प्रमाण वर्षानुवर्षं नव्वद टक्क्यांच्या वर आहे. असा माणूस सुरुवात कॅडबरीने करतो, मोबाइलवर गेम देतो, पाठीवरून हात फिरवतो. त्यातलं काहीच ‘बॅड’ वाटत नाही. गुदगुल्या तर छानच वाटतात. पुढे जे होतं त्यात मूल गोंधळतं: मला आधी आवडलं होतं, म्हणजे चूक माझीच. म्हणून मी स्पर्श कसा वाटला यावर फार भर देत नाही. मी तीन गोष्टी सांगते. चड्डी-बनियनच्या आतल्या जागा तुझ्या आहेत. आंघोळ घालताना किंवा डॉक्टरांना दाखवताना आई-बाबांपैकी कुणीतरी जवळ असताना सोडून तिथे कुणी हात लावायचा नाही, बघायचं नाही, फोटो काढायचा नाही, आणि स्वतःच्या जागेला तुला हात लावायला सांगायचा नाही. दुसरी, नियम त्या मोठ्या माणसाने मोडला तर चूक त्याची, तू खाऊ घेतला असलास तरी, आधी हसली असलीस तरी. आणि तिसरी, गंमत आणि गुपित यांतला फरक. बाबांच्या वाढदिवसाचा केक लपवणं ही गंमत. ती ठरलेल्या दिवशी फुटते आणि सगळे टाळ्या वाजवतात. ‘आईला सांगू नकोस हं, नाहीतर...’ असं जे असतं ते गुपित, आणि मोठ्या माणसाने सांगितलेलं गुपित आपल्या घरात कुणी पाळायचं नाही. माझ्या अनुभवात हा तिसरा नियम मुलांना सगळ्यात पटकन कळतो, कारण गंमत आणि गुपित दोन्ही त्यांच्या रोजच्या खेळातले शब्द आहेत.

अवयवांची नावं हा आपल्या घरांतला अवघड भाग. तुम्हाला योनी, लिंग हे शब्द तोंडातून काढायला जड जात असतील तर ‘शूची जागा’ म्हणा, पण जो शब्द वापराल तो बाहेरच्या माणसाला कळणारा हवा. बालवाडीतल्या एका पोराने ताईंना सांगितलं, ‘भैयाने माझी चिऊ दुखवली.’ ताईंना वाटलं खेळण्यातली चिमणी. ‘आपण भैयाला रागवू हं’ म्हणून त्याच्या हातात दुसरं खेळणं दिलं. तो तेव्हाच्या तेव्हा गप्प झाला.

शिकवणीपेक्षा रोजचं वागणं जास्त शिकवतं. दिवाळीच्या पहाटेचं अभ्यंगस्नान घ्या. आजी तेल-उटणं लावतेय, माया करतेय, त्यात वावगं काही नाही. पण आठ वर्षांच्या नातीला ‘पाठीला लावू का गं?’ विचारून लावलं आणि बाकीचं ‘तुझं तू लाव’ म्हणून वाटी तिच्या हातात दिली, तर त्या दहा मिनिटांत तिला जे कळतं ते कुठल्याही तक्त्याने कळत नाही. गुदगुल्या करताना ती ‘बास’ म्हणाली की हात त्याच क्षणी बाजूला. हसत म्हणाली तरी. बाबांनाही हे सांगा. आंघोळ ती स्वतः करत नसेल तर आता करायला लागू द्या. कानामागे मळ राहिला तर राहू दे.

यावर हमखास प्रश्न येतो, ‘मग उद्या ती अभ्यासालाही नाही म्हणेल, डोक्यावर बसेल.’ नाही बसत. दात घासणं, शाळेत जाणं, रस्ता ओलांडताना हात धरणं याला नकार नाही, हे मुलांना ठणकावून सांगता येतं आणि सांगावंच. शरीर, जिव्हाळा दाखवायची पद्धत, ताटात किती घ्यायचं, या बाबतीत तिचं ऐका. पोट भरलं म्हटल्यावर ‘एक घास चिऊचा, एक काऊचा’ करून कोंबणं आठव्या वर्षी तरी बंद व्हावं.

आत्मविश्वासासाठी म्हणून आईबाप कौतुकाचा मारा करतात, त्याबद्दल थोडं. नेदरलँड्समध्ये एडी ब्रुमेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांनी चित्र काढलं. काहींना ‘छान चित्र आहे’, काहींना ‘कमालीचं, अप्रतिम चित्र आहे’ असं लिहून दिलं. नंतर सोपी किंवा अवघड चित्रं निवडायला सांगितली. ज्या मुलांना आधीच स्वतःबद्दल फारसं चांगलं वाटत नव्हतं, ती ‘अप्रतिम’ ऐकल्यावर अवघड चित्राच्या वाटेला कमी गेली. मला हे ऐकून नवल वाटलं नाही. ‘तू तर आमची हुश्शार राणी’ हा मुकुट सांभाळायला पोरं पुढचं पाऊलच टाकत नाहीत. त्यापेक्षा दिसलं तेवढं म्हणा: ‘या घोड्याचे पाय तू परत खोडून काढलेस ना?’ आपल्याकडे कुणीतरी नीट बघितलं, हे तिला पोचतं.

कौतुकाहूनही जास्त कामाला येतं ते काम. खरं काम, ज्यावाचून घराचं अडेल असं. पाण्याच्या बाटल्या भरून ठेवणं तिच्याकडे द्या, आणि ती विसरली तर तुम्ही गुपचूप भरू नका. रात्री सगळ्यांना बाटली रिकामी मिळू दे. कोपऱ्यावरच्या दुकानातून कोथिंबीर आणायला पाठवा, तुम्ही गॅलरीतून बघत उभ्या राहा. सुटे पैसे मोजून घेऊ देत. दुकानदाराने दुसऱ्यालाच आधी दिलं, ती नुसती उभी राहिली, तर घरी आल्यावर ‘अशी कशी गं तू’ नको. ‘परत असं झालं तर काय म्हणशील?’ विचारा आणि दोघी मिळून एकदा म्हणून बघा. माझ्याकडे एक मुलगी यायची, पहिल्या दिवशी ‘पाणी पिऊ का’, ‘इथे बसू का’, ‘हा रंग घेऊ का’, दर दोन मिनिटांनी परवानगी. तिच्या आईला मी हीच कामं दिली होती, बाकी काही नाही. सातव्या-आठव्या भेटीत ती आत आली आणि म्हणाली, ‘तुमचा पंखा फार कुरकुरतो, बंद करा ना.’ मी इतक्या आनंदाने कधी उकाड्यात बसले नव्हते.

आता तो थोरला, ज्याची काही काळजी नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये तेरा राज्यांतल्या बारा हजारांहून जास्त मुलांशी बोलून एक अहवाल काढला होता. त्यात ५३ टक्क्यांहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं, आणि त्या मुलांमध्ये निम्म्याहून थोडे जास्त, जवळपास ५३ टक्के, मुलगे होते. पॉक्सो कायदा मुलगा-मुलगी भेद करत नाही, अठरा वर्षांखालचं प्रत्येक मूल त्यात येतं. आपण मात्र मुलग्याचा खडा उचलतही नाही. ‘रडतोस काय मुलीसारखा’ म्हटलं की विषय संपतो. त्याला बसवून हेच सगळं सांगा, त्याच्या वयाच्या भाषेत. सहावीतल्या मुलाच्या बाबतीत मोबाइलही आला. गेम खेळताना अनोळखी माणसं चॅटवर गोड बोलतात, मग फोटो मागतात, मग तो फोटो घरी दाखवायची धमकी देतात. मुलं हे लपवतात ते बहुतेकदा एकाच भीतीने: सांगितलं तर फोन जाईल. म्हणून आधीच सांगून ठेवा, ‘काही विचित्र आलं आणि तू मला दाखवलंस, तर त्यासाठी फोन काढून घेणार नाही.’ आणि मग ते पाळा. एकदा मोडलंत की संपलं.

शाळेच्या बाबतीत एवढंच: महाराष्ट्रात शाळांमध्ये मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी, २०२२ पासून तसा शासन निर्णय आहे. पुढच्या पालकसभेत त्यावर कोण आहे ते विचारा. व्हॅनमध्ये शेवटी कोण उतरतं, मधली वीस मिनिटं मूल एकटं असतं का, हेही विचारा. विचारणारा पालक आहे हे समोरच्याला कळलेलं बरं.

तुम्ही विचारलं नाहीत, पण ते सांगितल्याशिवाय मी उत्तर संपवू शकत नाही. तिने खरंच काही सांगितलं तर? काकांबद्दल असो वा कुणाबद्दल. पहिलं म्हणजे तुमचा चेहरा. आतून कितीही कालवलं तरी ओरडू नका, रडू नका, ‘आधी का नाही सांगितलंस’ तर मुळीच नको. ‘बरं झालं सांगितलंस. तुझी काही चूक नाही. आता मी आहे.’ ‘कुणाला सांगणार नाहीस ना?’ असं ती म्हणेल. खोटं वचन देऊ नका. ‘जे आपल्याला मदत करतील त्यांना सांगावं लागेल, पण तुला विचारल्याशिवाय चारचौघांत बोलणार नाही’ म्हणा. खोदून विचारू नका. तिने जे शब्द वापरले तेच, तारीख-वेळ घालून, त्याच रात्री लिहून ठेवा. घटना ताजी असेल तर आंघोळ घालायच्या, कपडे धुवायच्या आधी दवाखाना. कपडे कागदी पिशवीत. उपचारासाठी डॉक्टर आधी पोलिसांचं पत्र मागू शकत नाहीत, आणि उपचार सरकारीच काय, खासगी रुग्णालयातही मोफत द्यावे लागतात.

मग १०९८, मुलांसाठीची मदतवाहिनी, चोवीस तास चालू. किंवा सरळ ११२. पॉक्सोच्या कलम १९ नुसार अशी घटना माहीत असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हे मलाही लागू आहे. मी पहिल्याच भेटीत पालकांना तसं सांगून ठेवते, म्हणजे नंतर फसवल्यासारखं वाटत नाही. त्या वेळी घरातले लोक ‘घरातली गोष्ट घरात’ म्हणू लागतात, मुलीचं पुढे लग्न वगैरे काढतात. तेव्हा हे ठाऊक असलेलं बरं: तिला पोलीस ठाण्यात नेऊन बसवायची गरज नाही. जबाब तुमच्या घरी किंवा ती म्हणेल त्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता घ्यायचा असतो, तुमच्या किंवा तिचा विश्वास असलेल्या व्यक्तीच्या समोर. तिचं नाव, शाळा, फोटो छापणं गुन्हा आहे. साक्षीच्या वेळी आरोपी तिच्या नजरेसमोर येणार नाही अशी व्यवस्था न्यायालयाने करायची असते. प्रत्यक्षात हे सगळीकडे नीट होतं असं मी म्हणणार नाही. पण ‘कायद्यात असं आहे’ म्हणून मागितलं की बऱ्याचदा होतं, आणि मागायला शांत डोक्याचा एक माणूस सोबत न्यावा.

काका पुढच्या महिन्यात येतील तेव्हा यातलं सगळं करायचं नाहीये. त्या दिवशी दारात तुम्ही मध्ये उभं राहायचं, एवढंच. मटार सोलतानाचं बोलणं आदल्या दिवशी. आणि त्याआधी आणि त्यानंतर, तिच्या बारीकसारीक खड्यांकडे लक्ष.

कराटेचं राहिलं. व्यायाम होतो, पांढरा पोशाख मुलांना आवडतो, धडपडायची भीती जाते. त्यासाठी जरूर लावा. पण तेवीस किलोची मुलगी ऐंशी किलोच्या माणसाला लाथ मारून सुटेल या हिशोबाने लावू नका. भीतीने माणसाचं अंग गोठतं, मोठ्यांचंही. क्लासला जाणाऱ्या दोन मुली मला अशा भेटल्यात ज्यांना नंतर सगळ्यात जास्त छळत होतं ते हेच, ‘मला येत होतं, तरी मी मारलं का नाही?’ तेव्हा तिला आधी सांगून ठेवा की तेव्हा काही करता आलं नाही तरी चालतं, नंतर मला सांगितलंस की पुरे. फी भरण्याआधी एकदा तिला क्लास दाखवायला न्या आणि तिलाच विचारा. ‘नको’ म्हणाली, तर नाव घालू नका.